बिनसाखरेचा लाडू आणि दाताचे डॉक्टर

परवा दाताच्या दवाखान्यात मला एक गोष्ट कबूल करावी लागली. खुर्चीत माझा धाकटा होता, वय वर्षं सहा, तोंड उघडं आणि डोळे घट्ट मिटलेले. डॉक्टरबाईंनी छोटा आरसा आत फिरवला, दोन दाढांवर टकटक केलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बेन, चॉकलेट किती खातो हा?"

वाचकहो, या प्रश्नाची मी वाटच बघत होते. मान ताठ करून सांगितलं, आमच्याकडे चॉकलेट वाढदिवसालाच. गोळ्या नाहीत, पेपरमिंट नाही, बिस्किटंसुद्धा मोजून. मी घरी खजूर आणि सुकामेव्याचे लाडू करते, अजिबात साखर न घालता. शाळेतून आला की एक, आणि रात्री दुधाबरोबर एक.

"रात्री दूध-लाडू झाल्यावर दात घासतो?"

इथे माझी मान जरा खाली आली. नाही. लाडू खातो, गोष्ट ऐकतो आणि झोपतो.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. हातमोजे काढता काढता एवढंच म्हणाल्या, "खजूर आणि साखर यांतला फरक जिभेला कळतो, दाताला कळत नाही." दोन दुधाच्या दाढांना भोकं होती. आपण म्हणतो, दुधाचे दात काय, पडणारच आहेत. पण पुढचे दात सहा-सात वर्षांचं मूल झालं की पडतात, दुधाच्या दाढा मात्र साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे त्या दाढांनी त्याला अजून चार-पाच वर्षं जेवायचं आहे.

घरी येईपर्यंत रिक्षात मी गप्प होते. याच सदरात मीच दोन-तीनदा लिहिलं असेल की मुलांना बाजारचा खाऊ देण्यापेक्षा सुकामेव्याचा लाडू द्या, बिनधास्त द्या. त्यातला 'बिनधास्त' हा शब्द आज मी मागे घेते आहे. लाडू मागे घेत नाही. तो करायचा कसा, द्यायचा किती आणि कधी, हे नव्याने सांगते.

आधी खजुराचा हिशेब बघू. शंभर ग्रॅम खजुरात साधारण पासष्ट ग्रॅम साखर असते. ती फळाची आहे, तंतूंबरोबर येते, सोबत पोटॅशियम वगैरे आणते, म्हणून पोटाच्या दृष्टीने तिची गोष्ट चहातल्या साखरेपेक्षा बरी. पण आपण तो खजूर कुटतो, तुपावर परततो, त्याचा चिकट गोळा करतो, आणि तो गोळा दाढेच्या खाचेत जाऊन बसतो. तोंडातले जंतू ती साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या वरच्या कडक थरावर काम करतं. लाळ ते हळूहळू धुऊन टाकते, त्याला अर्धा तास तरी लागतो. रात्री झोपेत लाळ कमी सुटते. म्हणजे मी माझ्या मुलाच्या दाढेत रोज रात्री एक गोळा ठेवून वर दिवा मालवत होते.

माझा जुना लाडू होता जवळजवळ तीस ग्रॅमचा, त्यात दोन भाग खजूर आणि एक भाग बाकी सगळं. म्हणजे एका लाडवात वीस ग्रॅम खजूर, त्यात तेरा ग्रॅम साखर. चहाचा सपाट चमचा पाच ग्रॅमचा धरला तर अडीच चमच्यांहून जास्त. दिवसाला दोन लाडू म्हणजे पाच चमचे. 'साखर नाही' असं मी ज्याला म्हणत होते, त्याचं हे गणित.

आणि गूळ घातला तर? मध घातला तर? बऱ्याच घरांत हेच चालतं, साखरेच्या जागी गूळ घातला की पदार्थ एकदम 'हेल्दी' होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल सूचना काढल्या, त्यात मध आणि पाक हे साखरेच्याच खात्यात धरलेत. दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत वरची साखर ठेवा, जमलं तर पाच टक्क्यांच्या आत, असं त्या सांगतात. गुळाची चव मला साखरेपेक्षा कितीतरी जास्त आवडते, पुरणपोळी मी गुळाचीच करते. पण आवडते म्हणून. औषध म्हणून नाही. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवूही नका, त्यातल्या एका जंतूमुळे इतक्या लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. आजी कितीही प्रेमाने बोट पुढे करू दे.

मग लाडू सोडून द्यायचा का? आमच्या सासूबाईंनी हा प्रश्न ऐकून कपाळावर हात मारला. त्यांचं म्हणणं असं की मुलाच्या पोटाची पिशवी लहान, खेळ मोठा, मधल्या वेळेला मूठभर काहीतरी सत्त्वाचं पोटात गेलं पाहिजे. हे खरंच आहे. शेंगदाण्यात वजनाच्या पाव हिश्श्याइतकी प्रथिनं, बदामात पाचव्या हिश्श्याइतकी, तिळात कॅल्शियम भरपूर, सगळ्यात चांगल्या प्रतीचं तेल. बिस्किटाच्या पुड्यात मैदा आणि साखर सोडून काय असतं? तर लाडू राहील, फक्त त्यातली सत्ता बदलेल. आतापर्यंत खजूर राजा होता आणि दाणे प्रजा. आता उलट.

बाजारात जाण्याआधी एक गंमत सांगते. मी सांगलीकडची, लग्न होऊन बडोद्याला आले. पहिल्याच जूनमध्ये मला वाण्याकडून खारीक आणायला पाठवलं होतं. मी भाजी मंडईच्या वाटेने गेले आणि 'खारेक' म्हटल्यावर एका गाडीवाल्याने पिवळाधमक घोसच हातात ठेवला. कच्छकडची ताजी खारेक! कुरकुरीत, किंचित तुरट, चावताना ऊस आणि सफरचंद यांच्या मधलं काहीतरी. मला वाळलेली, सुरकुतलेली, दगडासारखी खारीक हवी होती. त्या दिवशी खारकेची पूड झाली नाही, पण घरातल्या सगळ्यांनी घोस संपवला. तुम्ही गुजरातेत असाल तर जून-जुलैत मुलांना ही ताजी खारेक नक्की चाखवा. महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्यांना असे शब्दांचे फटके बसतात, आणि त्यातूनच खाऊची नवी वाट सापडते.

आता खरेदी. सुकामेवा नाकाने घ्यायचा असतो. अक्रोड, काजू, चारोळी, मगज बी, ज्यात तेल जास्त ते लवकर खवट होतं. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला की परत द्या, भाजल्याने खवटपणा जात नाही. दाण्यांच्या बाबतीत तर जास्तच काळजी घ्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशीची पूड लागलेले दाणे निवडून फेकून द्या. 'भाजले की जंतू मरतात' हे खरं असलं तरी बुरशीने सोडलेलं विष भाजल्याने जात नाही. एखादा दाणा कडू लागला तर मुलाला म्हणा, थुंकून टाक. 'अन्न टाकू नये' हा नियम कडू दाण्याला लागू नाही.

जर्दाळू घेताना अगदी झळझळीत नारिंगी रंगावर भाळू नका. तो रंग टिकावा म्हणून सल्फर डायऑक्साइड वापरतात. दम्याचा त्रास असलेल्या काही मुलांना ते सोसत नाही. तपकिरी, जरा कळकट दिसणारा जर्दाळू चवीला जास्त गोड असतो. त्याची बी फोडून आतला बदामासारखा गर खायची आपल्याला लहानपणापासून सवय. गोड निघाला तर एखादा ठीक, कडू निघाला तर अजिबात नाही, कारण त्या कडूपणामागे पोटात गेल्यावर सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. मुलांच्या हाती बिया आणि बत्ता देऊन आपण दुसऱ्या खोलीत जाणं बरं नाही.

आणि ती रंगीबेरंगी बरणी! लाल, हिरवे, पिवळे तुकडे, अननस, किवी, चेरी, 'ड्राय फ्रूट मिक्स' असं नाव. यातलं बरंचसं फळ साखरेच्या पाकात मुरवून वाळवलेलं असतं. टुटीफ्रुटी तर कच्च्या पपईला दिलेला पाक आणि रंग. क्रॅनबेरी आंबट असते म्हणून बाजारात मिळणारी वाळलेली क्रॅनबेरी बहुतेक वेळा गोड केलेलीच येते. पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते, त्यात साखर पहिल्या दोन-तीन नावांत दिसली तर समजा की तुम्ही मिठाई विकत घेताय. घ्यायची असली तर घ्या, फक्त सुकामेवा समजून घेऊ नका.

खर्चाचं काय? दरवेळी कुणीतरी लिहितं, "ताई, बदाम-पिस्ते आम्हाला परवडत नाहीत." परवडायला नकोतच. सुकामेवा म्हटलं की डोळ्यांपुढे बदाम येतो ही जाहिरातीची कृपा. भिजवलेल्या बदामाने बुद्धी वाढते असं मला अजून तरी घरात दिसलेलं नाही, भिजवला की तो मऊ होतो आणि साल निघतं, एवढंच. शेंगदाणे, तीळ, डाळं, सुकं खोबरं, भोपळ्याच्या बिया यांचा लाडू बदामाच्या लाडवापुढे कुठेही मान खाली घालत नाही. माझ्या खालच्या प्रमाणात बदामाच्या जागी तेवढंच डाळं घाला, लाडू खुसखुशीत होतो आणि खिशाला कळतही नाही.

तर हा नवा लाडू. मऊ काळा खजूर बिया काढून १५० ग्रॅम, शेंगदाणे ७५ ग्रॅम, बदाम ७५ ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं ३० ग्रॅम, मगज बी २५ ग्रॅम, तूप दोन लहान चमचे, वेलची आणि जायफळ आवडीप्रमाणे, आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, गोड कमी केल्यावर चव उभी राहते ती त्या चिमटीवर.

सगळ्यात आधी खजूर. प्रत्येक खजूर उघडून बघा. पाकिटावर 'बिनबियांचा' लिहिलेलं असलं तरी. शंभरात एखादी बी किंवा बीचा तुकडा राहतोच, आणि कधीकधी आत भुसा, अळीचं घर असतं. हे काम आमच्याकडे मुलांचं. बी सापडली तर एक गुण, कीड सापडली तर पाच. थोरलीने एकदा कीड सापडावी म्हणून अर्धा किलो खजूर उघडले होते.

मग भाजणं. कढई जाड हवी, आच मंद हवी आणि एकेक जिन्नस वेगळा हवा. एकत्र टाकले की तीळ करपतात आणि दाणे कच्चे राहतात. आधी दाणे, साल सुटेपर्यंत, ते निवत ठेवून साल पाखडून टाका. मग बदाम, पाच-सहा मिनिटं, एक चावून बघा, मध्ये कट्ट झालं की उतरवा. मग तीळ, ते तडतडायला लागले की लगेच ताटात ओता, कढईत ठेवले तर बंद गॅसवरही करपतात. मग मगज बी, फुगली की पुरे. शेवटी खोबरं, गॅस बंद करून नुसत्या कढईच्या उष्णतेवर.

आता थांबा. खरंच थांबा, पूर्ण गार होऊ द्या. घाईघाईत गरम दाणे मिक्सरला लावले की भांड्यात लगदा होतो आणि लाडू तेलकट लागतो. माझे पहिले तीन घाणे असेच गेले. गार झाल्यावर बदाम बटण दाबत-सोडत रव्यासारखे जाडसर करा. दाणे मात्र जरा जास्त फिरवा, किंचित तेल सुटू द्या. खजूर कमी केलाय ना, तर लाडू वळायला हेच तेल कामाला येतं. तीळ अर्धे कुटा, अर्धे अख्खे ठेवा.

कढईत तूप घालून खजूर मंद आचेवर तीन-चार मिनिटं दाबत परता. तो सैल होऊन एकजीव झाला की गॅस बंद करा. खजूर फार कडक असेल तर आधी पाच मिनिटं वाफवून घ्या. पाणी शिंपडू नका, लाडू टिकत नाहीत. आता सगळं कोरडं त्यात घालून हाताला सोसवेल इतपत कोमट असताना मळा. सुरुवातीला वाटेल, हे काही वळणार नाही, भुगा आहे नुसता. मळत राहा. तळहाताच्या उबेने धरतं. अगदीच नाही धरलं तर अजून एक चमचा तूप, पण अजून खजूर नको, तो मोह टाळा.

लाडू करा लिंबाएवढे नाही, सुपारीपेक्षा जरा मोठे, पंधरा ग्रॅमचे. या प्रमाणात सव्वीस-सत्तावीस होतात. एका लाडवात साखर साडेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चमच्याहूनही कमी. जुन्या लाडवात तेरा होती. थोरलीने पहिला खाल्ला आणि म्हणाली, "आई, गोड कमी आहे." दुसऱ्या आठवड्यात तिने काहीच म्हटलं नाही. जिभेला सवय लागायला दहा-बारा दिवस द्या, आणि एकदम कमी करू नका, दर खेपेला खजूर थोडा थोडा खाली आणा.

आपल्याकडच्या पंचखाद्याची आठवण इथे येते. खारीक, खोबरं, खसखस, खडीसाखर, खिसमिस, कुणाकडे खिसमिसऐवजी खजूर, सगळी 'ख'ची बाराखडी. गणपतीच्या दिवसांत आरतीनंतर तळहातावर चिमूटभर खिरापत मिळायची, आणि ती चिमूटभरच असायची. हात पुढे केला तरी दुसऱ्यांदा मिळायची नाही. बडोद्यात दांडिया बाजारकडच्या जुन्या मराठी घरांत अजून ती तशीच वाटतात. कोरडी पूड, दाताला न चिकटणारी, प्रमाण चिमटीचं, आणि आरती म्हणून झाल्यावर. माझ्या वाटीभर लाडवांपेक्षा ती पद्धत शहाणी होती. मी आता खारीक पूड, भाजलेलं खोबरं आणि खसखस यांची खडीसाखरेशिवायची कोरडी खिरापत करून ठेवते, ती नाचणीच्या सत्त्वावर किंवा दह्यावर भुरभुरते. खारीक घरच्या मिक्सरला लावू नका हो, पातं मोडतं. उन्हात कडकडीत वाळवून आधी खलबत्त्यात तुकडे करा, नाहीतर सरळ पूडच आणा.

आता जे सांगायचं आहे ते लाडवापेक्षा महत्त्वाचं आहे. आमच्या नात्यातला एक अडीच वर्षांचा मुलगा लग्नघरात धावता धावता शेंगदाणे खात होता. ठसका लागला, खूप खोकला, लाल झाला आणि मग थांबला. सगळे म्हणाले, गेला खाली. चार दिवसांनी ताप, एका बाजूने छातीत घरघर. सर्दी म्हणून औषध चाललं. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "आठवड्याभरात काही खाताना ठसका लागला होता का?" आणि मग दुर्बिणीतून अर्धा दाणा फुप्फुसाच्या नळीतून निघाला. मूल आज ठणठणीत आहे. पण तो प्रश्न विचारला गेला नसता तर, हा विचार अजून त्या आईला झोपू देत नाही.

म्हणून पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खा दाणा, अख्खा बदाम, काजूचा तुकडासुद्धा देऊ नका. त्यांच्या दाढा अजून दळत नाहीत आणि श्वासनळी अरुंद असते. बारीक पूड किंवा मऊ पेस्ट द्या. लहानग्यांचा लाडू करताना बदाम-दाणे पिठासारखे बारीक करा, जाडसर नको, आणि गोल लाडू देण्याऐवजी बोटाने चपटी केलेली छोटी वडी द्या, तुकडे करून. खाताना बसलेलं असू द्या. धावताना नाही, हसवताना नाही, रिक्षात किंवा शाळेच्या व्हॅनमध्ये तर नाहीच, तिथे मागे बघायला कुणी नसतं.

ठसका लागलाच तर? मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, घशात बोट घालून चाचपू नका, वस्तू आणखी आत जाते. आवाजच निघत नसेल, श्वास घेता येत नसेल तर वेळ घालवायचा नाही: एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा, निघालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके, पुन्हा थापा, आणि दुसऱ्या कुणीतरी एकीकडे १०८ किंवा ११२ ला फोन. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके देत नाहीत, त्याला पालथं मांडीवर घेऊन पाठीवर थापा आणि मग उताणं करून छातीच्या मधोमध दाब देतात. हे वाचून येत नाही, करून येतं. तुमच्या गावात प्रथमोपचाराचा वर्ग कुठे होत असेल तर घरातल्या दोघांनी तरी एक दिवस द्या. आणि ठसका थांबल्यावर नंतरच्या दिवसांत खोकला, घरघर, ताप काही दिसलं तर डॉक्टरांना तो ठसका आठवणीने सांगा.

दाण्यांची अॅलर्जी आपल्याकडे नसते, असं ऐकते मी अनेकदा. असते. पहिल्यांदा देताना एका वेळी एकच जिन्नस द्या, चिमूटभर पूड, सकाळच्या वेळी, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या सुरू झाल्या तर पुढे देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला तर थेट दवाखाना. आधीपासून इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असेल तर घरी प्रयोग करण्याआधीच विचारा. आणि दुसऱ्याच्या मुलाला लाडू देताना त्याच्या आईला विचारल्याशिवाय देऊ नका. हे आपल्याला फार जड जातं, दारी आलेल्या मुलाच्या हातावर खाऊ ठेवायची आपली रीत. तरीही. काही शाळांत तर दाणे-बदाम डब्यात आणायलाच मनाई असते, तिथे लाडू घरी.

लोहासाठी म्हणून खजूर देणाऱ्यांनाही एक शब्द. एका लाडवातून मिळणारं लोह फार थोडं असतं. मुलाचं हिमोग्लोबिन कमी आलं असेल तर डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करून 'खजुराने भरून निघेल' असं करू नका. दोन्ही चालू द्या.

आणि वेळ. आमच्याकडे आता लाडू दुपारच्या जेवणाला चिकटून असतो, ताटातच, भाकरीच्या शेजारी, शेवटचा घास नव्हे. मग पाण्याची चूळ. संध्याकाळी भूक लागली तर चणे, काकडी, पोह्याचा चिवडा, ताक. रात्री दुधानंतर फक्त ब्रश. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, तीन ते सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि सात-आठ वर्षांपर्यंत घासून द्यायचं आपण. तो स्वतः घासतो म्हणजे ब्रश ओला करून परत ठेवतो, हे मला डॉक्टरबाईंनी सांगितल्यावर कळलं.

लाडू घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात आठ-दहा दिवस छान राहतात. मुंबई, कोची, चेन्नई अशा दमट हवेत असाल तर फ्रिजमध्येच ठेवा. मी मुद्दाम अर्ध्या प्रमाणाचे करते, कारण मोठा डबा भरलेला दिसला की घरातली मोठी माणसंच येता-जाता तोंडात टाकतात.

त्या दोन दाढा भरून झाल्या. धाकट्याने खुर्चीवरून उतरताच डॉक्टरबाईंना विचारलं, "मग आता लाडू बंद?" त्या म्हणाल्या, "जेवताना खायचा." त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग दोनदा जेवलो तर?"

मागच्या रविवारी वळायला त्याला बसवलं. त्याचे लाडू काही गोल झाले नाहीत, त्यातले दोन तर पेढ्यासारखे चपटे झाले. ते त्याने वेगळ्या वाटीत ठेवले, वर आपल्या नावाची चिठ्ठी लावली आणि सासूबाईंना बजावलं, "आजी, हे माझे. तुझे तू मोठ्या डब्यातले घे." सासूबाईंनी सध्या तरी ऐकलंय. आज मंगळवार आहे आणि त्या वाटीत तीन शिल्लक आहेत.